दिल्लीच्या जमिनीची चार नावे

फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये भरले. १७३७ च्या मार्चमध्ये पहिले बाजीराव दिल्लीवर चालून गेले, तेव्हा मराठ्यांची छावणी याच परिसरात पडली होती, ही आठवण त्या दिवसांत पुन्हा पुन्हा निघाली. जागेच्या नावाचा अर्थ मात्र फारसा कुणी विचारला नसावा. ताल म्हणजे तळे आणि कटोरा म्हणजे वाटी. दिल्लीत ज्याला ‘रिज’ म्हणतात तो अरवलीचा खडकाळ कणा इथे पाठीशी आहे. त्याच्या पायथ्याला जमीन वाटीसारखी खोलगट होते आणि उतारावरून येणारे पावसाचे पाणी तिथे बांध घालून अडवलेले असे. पाणी होते म्हणून बाग झाली. घोडदळाला तळ टाकायला पाणी, चारा आणि आडोसा लागतो; जमिनीच्या ठेवणीने तिन्ही गोष्टी एका जागी आणून ठेवल्या होत्या.

मुंबई-पुण्याहून जाणाऱ्याला दिल्ली म्हणजे एक सपाट मैदान वाटते. पहाडगंजच्या हॉटेलात उतरणाऱ्याला इथला पहाड कुठे गेला, असा प्रश्न पडत नाही. पहाडी धीरज, आनंद पर्वत, रायसिना हिल, हौज खास, सातपुला, दर्यागंज ही नावे आपण बसच्या पाटीवर वाचतो आणि विसरतो. वास्तविक या शहराला उतार आहे, आणि त्या उताराशी शहर कसे वागले त्यावर तिथल्या उन्हाळ्यातली पाणीटंचाई, पावसाळ्यातले तुंबणे आणि हवेतली धूळ बरीचशी ठरते.

इमारती उभ्या राहिल्यावर उरलेल्या तुकड्यांत हिरवळ अंथरायची, चार पाम लावायचे, कारंजे बसवायचे, याला आपल्याकडे लँडस्केपिंग म्हणतात. नव्या वसाहतीच्या जाहिरातीत ते क्लब हाउसच्या शेजारी छापलेले असते. मला बोलायचे आहे ते याच्या उलट क्रमाबद्दल: आधी जमिनीची ठेवण, मग रस्ते आणि घरे. लँडस्केपला ‘भूदृश्य’ असा प्रतिशब्द रूढ आहे, पण त्यात पाहण्यावर भर येतो. जमीन डोळ्यांना दिसते त्याहून कितीतरी जास्त ती काम करत असते. पाणी कुठे मुरणार, कुठे थांबणार, कोणते झाड स्वतःच्या बळावर जगणार, कोणता प्राणी कुठून कुठे जाणार, हे ती ठरवते. म्हणून मी ‘ठेवण’ हाच घरचा शब्द वापरणार आहे.

शहराचा विचार या क्रमाने करायला शिकवणाऱ्यांपैकी एक माणूस मुंबईत प्राध्यापक होता. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले, गावोगाव हिंडून त्यांनी नगररचनेचे अहवाल लिहिले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग त्यांच्या हाती आला. गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. त्यांची एक आकृती नगररचनेच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवली जाते: डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत काढलेला खोऱ्याचा उभा छेद. वर खाणकामगार आणि लाकूडतोड्या, मग शिकारी, मेंढपाळ, त्याखाली शेतकरी, शेवटी किनाऱ्यावर कोळी. जमीन जशी उतरते तसा माणसाचा धंदा, घर आणि गाव बदलत जाते. कोकणातल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. सडा, वरकस, भातखाचर, खाजण, पुळण या पाच शब्दांत हा छेद त्याच्या बोलीत आधीच काढलेला आहे.

दिल्लीच्या लोकांनीही तो काढला होता, चार शब्दांत. कोही, डाबर, बांगर आणि खादर. कोही म्हणजे खडकाळ डोंगराळ भाग. फारसीत ‘कोह’ म्हणजे पर्वत, कोहिनूरमधला तोच. डाबर म्हणजे सखल भाग, जिथे पावसाळ्यात पाणी साचून राहते. बांगर म्हणजे जुन्या गाळाची उंचावरची मैदानी जमीन, जिथे पूर सहसा पोहोचत नाही. आणि खादर म्हणजे नदीकाठचा नवा गाळ, दर पुराला बदलणारा. मदनपूर खादर, चिल्ला खादर, प्रल्हादपूर बांगर अशा गावांच्या नावांत हे शब्द अजून चिकटून आहेत. १९६९ मध्ये इयन मॅकहार्ग यांनी ‘डिझाइन विथ नेचर’ या पुस्तकात एक पद्धत मांडली, ती पुढे जगभर गेली. खडक, पाणी, माती, झाडोरा यांचे वेगवेगळे नकाशे पारदर्शक कागदावर काढायचे, एकावर एक ठेवायचे आणि जिथे रंग सगळ्यात गडद होईल तिथे बांधकाम करायचे नाही. दिल्लीच्या चार शब्दांत त्या कागदांचा सारांश शेतकऱ्यांनी कधीच करून ठेवला होता. नव्या शहराने तो वाचला नाही, हे मला या सगळ्या कहाणीतले सर्वांत मोठे नुकसान वाटते.

कोहीपासून सुरुवात करू. आपला दख्खनचा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांचा. अरवलीचा क्वार्ट्झाइट शंभर कोटी वर्षांहून जुना. इतका काळ ऊन-पाऊस सोसून हे डोंगर झिजले. दिल्लीतला सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून ३१८ मीटरवर आहे आणि शहराचे मैदान साधारण दोनशे-सव्वादोनशेवर. म्हणजे रिजचा बराचसा भाग आजूबाजूच्या जमिनीहून शंभर मीटरही उंच नाही. पण हा खडक भेगाळलेला आहे. पावसाचे पाणी त्या भेगांतून आत जाते आणि पायथ्याच्या विहिरींना मिळते. राजस्थानच्या वाळूला पूर्वेकडे सरकू न देण्याचे कामही ही डोंगररांग करते.

नवी राजधानी बांधताना इंग्रजांना रायसिनाच्या सरकारी वास्तूंमागे हिरवी पार्श्वभूमी हवी होती, आणि रिज तर खुरटा, काटेरी, उन्हाळ्यात करडा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर विलायती कीकर लावला गेला. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले हे झाड आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणून माहीत आहे. सोलापूर-मराठवाड्यातल्या पडीक रानात ती कशी माजते हे पाहिलेल्याला पुढचे सांगावे लागत नाही. गुरे शेंगा खातात आणि बी पसरवतात. तोडली की बुंध्यातून चार फांद्या फुटतात. तिच्या सावलीत दुसरे फारसे काही उगवत नाही. वरून पाहिले तर रिज हिरवागार आणि आत शिरले तर एकाच झाडाचे रान, अशी स्थिती झाली. हिरवे दिसणे आणि जंगल असणे यांतला फरक दिल्लीला समजायला शंभर वर्षे लागली. आता मध्य रिजवर कीकर हटवण्याचे काम हाती घेतले आहे. दिल्ली विद्यापीठाचे पर्यावरणतज्ज्ञ प्रा. सी. आर. बाबू यांच्या पद्धतीत झाड मुळासकट उपटत नाहीत. फांद्या छाटून आत उजेड येऊ द्यायचा, खाली देशी रोपे आणि वेली वाढवायच्या, आणि कीकरला हळूहळू मागे सारायचे. उतार एकदम उघडा पडला तर पहिल्या पावसात माती वाहून जाईल, म्हणून हा धीर.

गुरुग्राममध्ये हेच काम शून्यातून सुरू करावे लागले. शहराच्या पूर्वेला, दिल्लीच्या हद्दीलगत, दगडखाणींनी पोखरलेली सुमारे दीडशे हेक्टर जमीन होती. खाणी बंद झाल्यावर मागे खड्डे, मुरमाचे ढीग आणि कीकर उरला. ‘आय ॲम गुडगाव’ या नागरिकांच्या गटाने महापालिकेशी बोलणे केले आणि ५ जून २०१० रोजी तिथे अरवली जैवविविधता उद्यान सुरू झाले. पुढच्या कामाची धुरा विजय धस्माना यांच्याकडे होती, आणि त्यांनी घेतलेला निर्णय मला फार मोलाचा वाटतो. नर्सरीत मिळतील ती झाडे आणून खड्डे भरायचे नाहीत. अरवलीत जे उगवते तेच लावायचे. पण अरवलीतली झाडे नर्सरीत मिळतच नव्हती. मग राजस्थान-हरियाणातल्या शिल्लक राहिलेल्या डोंगरी जंगलांतून बिया गोळा केल्या, रोपवाटिका स्वतःच उभारली, आणि कुठले झाड कुठल्या झाडाच्या सोबतीने, उताराच्या कुठल्या अंगाला, किती मातीत उभे राहते ते पाहून लावणी केली. धौ, साळई, आपल्याकडे जो कांडोळ म्हणून ओळखला जातो तो कुल्लू, पळस, हिवर, हिंगणबेट, कैर. खाणीच्या खड्ड्यांचेही सपाटीकरण केले नाही. २ फेब्रुवारी २०२२ रोजी या जागेला देशातले पहिले ‘ओईसीएम’ क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे अधिकृत अभयारण्य नसूनही जैवविविधता टिकवणारी जागा.

या झाडांतला धौ हा आपल्या धावड्याचा भाऊबंद. शेळ्या-गुरे चरत राहिली की तो जमिनीलगत गादीसारखा पसरतो आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो. चराई थांबली की उठून उभा राहतो. मुळे भेगांत शिरतात, माती धरून ठेवतात. पण त्याचे बी फार थोडे उगवते. मूठभर बियांतून एखाद-दुसरे रोप हाती येते. पावसाळ्यात पाचपन्नास हजार झाडे लावल्याचे फलक लागतात, त्या गणितात धौ बसत नाही.

कोहीवर आज टांगलेला प्रश्न व्याख्येचा आहे. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा शंभर मीटर किंवा अधिक उंच असेल तोच अरवलीचा डोंगर, अशी व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी स्वीकारली आणि मोठा विरोध झाल्यावर २९ डिसेंबरला तिला स्थगिती दिली. आत्ताच आपण उंचीचे आकडे पाहिले. अशी मोजपट्टी लावली तर झिजलेले, बुटके, पण पाणी मुरवणारे आणि वाळू अडवणारे बहुतेक उंचवटे डोंगर ठरतच नाहीत. भेग किती खोल गेली आहे हे शिखराच्या उंचीवरून कळत नाही.

डोंगरावरून निसटलेले पाणी खाली येते तिथे डाबर. राजस्थानच्या अरवलीतून निघणारी साहिबी नदी दिल्लीच्या नैऋत्येला नजफगढच्या खोलगट भागात येऊन पसरत असे. भरपूर पावसाच्या वर्षी ही झील शंभराहून अधिक चौरस किलोमीटर पसरे, आणि पाणी ओसरले की लोक त्या ओलीवर रब्बी घेत. महाराष्ट्रात धरणाच्या बुडीत जमिनीवर गाळपेर करतात तसेच. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी कालवा काढून हे पाणी यमुनेकडे वळवले, १९६४ च्या पुरानंतर तो आणखी रुंद केला, आणि आज त्याच साहिबीच्या प्रवाहाला सगळी दिल्ली ‘नजफगढ नाला’ म्हणते. वजिराबादच्या खाली तो यमुनेला मिळतो, आणि शहराची सर्वाधिक घाण नदीत त्याच्या वाटेने येते. नदीचा नाला झाला तो आधी बोलण्यात. मग तिच्यात सांडपाणी सोडायला कुणाचा हात थरथरला नाही.

गुरुग्रामच्या बाजूला डोंगरउतारावर मातीचे बांध होते. घाटा, चक्करपूर, वजिराबाद (यमुनेकाठचे नव्हे, गुरुग्रामचे) ही नावे आता सेक्टरांच्या आणि उंच इमारतींच्या पत्त्यांत दिसतात, पण एके काळी ती बांधांची आणि तळ्यांची नावे होती. डोंगरावरचे पाणी बांधाशी थांबे, काही मुरे, काही सावकाश पुढे जाई. आपल्या पाझर तलावाचेच हे भावंड. शहर वाढले तेव्हा बांधांमागची जमीन बहुतेक वर्ष कोरडी दिसत होती, म्हणून ती मोकळी जागा समजली गेली. २८ जुलै २०१६ च्या संध्याकाळी बादशाहपूरचा नाला फुटून वाहिला आणि हीरो होंडा चौकापाशी राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेला. लोक रात्रभर गाड्यांत अडकून पडले. पाणी आपल्या जुन्या वाटेने चालले होते. पुढे चक्करपूर ते वजिराबाद हा सुमारे पाच किलोमीटरचा बांध नागरिकांनी पालिकेसोबत राहून कचरा आणि राडारोड्यातून मोकळा केला. देशी झाडे लावली, चालायला वाट केली. आज मुले त्यावरून शाळेत जातात. पाणी अडवण्याची त्याची क्षमता पूर्वीइतकी उरलेली नाही, कारण वरचे पाणलोट क्षेत्र सिमेंटने झाकले गेले आहे. पण निदान इथे काय होते ते पायांना कळते.

दिल्लीत रिजकडून यमुनेकडे जाणाऱ्या अशा वाटा किती? १९७६ च्या जलनिःसारण आराखड्यात २०१ नैसर्गिक प्रवाह नोंदले गेले होते. त्यांतले कित्येक आज जागेवर शोधूनही सापडत नाहीत. कुठे वर वस्ती बसली, कुठे स्लॅब टाकून पार्किंग आणि बाजार झाला. कुशक नाला आणि डिफेन्स कॉलनीचा नाला यांवर असे लांबलचक तुकडे झाकलेले आहेत. झाकलेल्या नाल्यातला गाळ काढता येत नाही, त्याच्या काठाची माती पाणी पिऊ शकत नाही, आणि सगळ्यात मोठे म्हणजे तो लोकांच्या नजरेआड होतो. २८ जून २०२४ रोजी सफदरजंगला चोवीस तासांत २२८.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशीही मिंटो पुलाखाली पाणी भरले. रेल्वेच्या वेळापत्रकात हेच ठिकाण शिवाजी ब्रिज म्हणून आहे, आणि तिथे पाणी तुंबल्याची छायाचित्रे दिल्लीकर पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत. पंप वाढवले जातात. कनॉट प्लेसकडून उतरणाऱ्या पाण्याला मधे कुठे मुरायला जागा नाही, हे तसेच राहते.

सुलतानांच्या काळात या प्रवाहांकडे कसे पाहत, त्याचा उत्तम दाखला खिडकी गावाजवळच्या सातपुल्यात आहे. चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाने जहांपनाह शहराची तटबंदी बांधली, आणि जिथे ती नाल्याला ओलांडत होती तिथेच तटाचा बंधारा केला. कमानींतल्या दारांनी पाणी अडवायचे, हवे तेव्हा शेतीला सोडायचे. एकाच बांधकामात संरक्षण आणि सिंचन. सूफी संत नसीरुद्दीन चिराग देहलवी इथे वजू करत, अशी श्रद्धा असल्याने लोक हे पाणी औषधी मानत आणि घागरी भरून नेत. याच पाण्याच्या वाटेवर पुढे, निजामुद्दीनजवळ, जहांगीरच्या काळातला बारापुला आहे: बारा खांब, अकरा कमानी. त्याच्या नावाचा उन्नत मार्ग २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी नाल्याच्याच पात्रावरून नेला.

जुन्या तळ्यांना परत पाणी देता येते, याचेही दाखले दिल्लीत आहेत. अलाउद्दीन खिलजीने खोदलेले हौज खास कित्येक वर्षे कोरडे होते, कारण त्याच्याकडे येणारे प्रवाह तुटले होते. वारसा जपणाऱ्या ‘इन्टॅक’ या संस्थेच्या मनू भटनागर यांनी वसंत कुंजच्या प्रकल्पात शुद्ध केलेले सांडपाणी संजय वनातल्या नैसर्गिक उतारावरून फिरवून तिथे आणले. नीला हौजमध्ये सांडपाणी दगडगोट्यांच्या थरांतून आणि पाणवनस्पतींच्या मुळांतून सोडून स्वच्छ केले जाते. ही दोन्ही पाणी पुरवून भरलेली तळी आहेत, पाणलोटाने भरलेली नाहीत. पुरवठ्यात खंड पडला की त्यांची प्रकृती बिघडते. तरीही उतार आणि वनस्पती यांच्याकडून काम करून घेणे हा विचार यंत्रांच्या विजेपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ आहे.

मग खादर. पल्ल्यापासून जैतपूरपर्यंत यमुना दिल्लीतून सुमारे ४८ किलोमीटर वाहते. तिच्या दोन्ही अंगांना वाळू आणि गाळाचा जाड थर आहे, आणि हा थर म्हणजे जमिनीखालचे तळेच. पूर आला की पाणी त्यात भरते, उन्हाळ्यात ते वर काढता येते. पल्ल्याच्या बाजूच्या नलिकाकूपांतून दिल्लीला असे पाणी मिळते. नदी पसरली नाही तर हे तळे भरत नाही. पण पूर हा अपघात मानणाऱ्या शहराने काठावर बंधारे, मंदिर, क्रीडाग्राम, डेपो, वीजकेंद्रे बांधली. १३ जुलै २०२३ रोजी जुन्या लोखंडी पुलापाशी पाण्याची पातळी २०८.६६ मीटरवर गेली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला. पाणी रिंग रोड ओलांडून लाल किल्ल्याच्या तटाला लागले. शाहजहानने किल्ला बांधला तेव्हा नदी तिथूनच वाहत होती. त्या दिवसांत छायाचित्रे पाहून अनेकांना भीती वाटली. मला तर एक जुना नकाशा पाण्याने पुन्हा काढून दाखवल्यासारखे वाटले. ज्यांची घरे आणि गुरे त्यात गेली, त्यांचे दुःख याने कमी होत नाही, आणि त्यांत सर्वाधिक लोक खादरातले शेतकरी आणि मजूर होते.

जगतपूर गावाजवळ यमुना जैवविविधता उद्यान आहे. २००२ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाने दिल्ली विद्यापीठाच्या तज्ज्ञांबरोबर ते सुरू केले, प्रा. बाबू यांचे हेही काम, आणि वर्षानुवर्षे तिथे राबणारे शास्त्रज्ञ फैयाज खुदसर. ४५७ एकरांतली बरीच जमीन आधी खारावलेली, निर्जीव होती. पहिल्यांदा गवत आणले, मातीचा खार उतरला, मग झाडे. पाणथळ जागा करून त्यांत हिवाळी बदके उतरू लागली. २०१६ मध्ये तिथे बिबट्या आला, तेव्हा सगळी दिल्ली चकित झाली. नदीकाठचे झाडोऱ्याचे पट्टे त्याला रस्ता म्हणून पुरले होते. दक्षिणेला असोला-भाटीच्या अभयारण्यात, जिथे पूर्वी खाणी होत्या, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कॅमेऱ्यांनीही बिबटे टिपले आहेत. प्राण्याला ‘उद्यान’ आणि ‘अभयारण्य’ अशा पाट्या कळत नाहीत. सलग आडोसा कळतो. शहराची हिरवळ किती एकर, यापेक्षा ती कुठे तुटते हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

खादराच्या नव्या सुशोभनाबद्दल मला दोन तक्रारी करायच्या आहेत. एक, काठाला आता पदपथ, कट्टे, हिरवळ आणि बाहेरून आणलेली झाडे येत आहेत. ‘बाँसेरा’ या काठावरच्या बांबूबागेसाठी बांबू आसामहून आणला. खादराची स्वतःची वनस्पती आहे: कास, मुंज, पाणकणीस, झाऊ. पुरात ही आडवी पडतात आणि पाणी ओसरले की उठतात. गाळ धरणे हेच त्यांचे काम. दुसरी तक्रार माणसांची. कित्येक पिढ्या खादरात काकडी, टरबूज, भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना नदी वाचवण्यासाठी हलवले जाते, आणि त्याच जागी येणाऱ्या बागेला मात्र फरसबंदी चालते. फवारण्या आणि प्रदूषित पाण्यावरची भाजी हा खरा प्रश्न आहे, तो सोडवायलाच हवा. पण पूर आला की उठून जायचे आणि ओसरला की परत पेरायचे, हे जाणणारा माणूस खादराच्या ठेवणीचाच भाग होता.

बांगराबद्दल थोडक्यात. ही शहराची सुपीक आणि सुरक्षित जमीन, म्हणून दिल्लीतल्या सर्वांत सुंदर बागा इथेच आहेत. नव्या दिल्लीच्या रस्त्यांवर इंग्रज उद्यानतज्ज्ञ मस्टो यांनी लावलेले जांभूळ, कडुनिंब, अर्जुन आजही मे महिन्यात चालणाऱ्याला सावली देतात. लोदी गार्डनची १९६८ मधली नवी रचना जोसेफ ॲलन स्टाइन आणि गॅरेट एक्बो यांची. आणि हुमायूनच्या मकबऱ्याशेजारची ९० एकरांची सुंदर नर्सरी, जी आगा खान ट्रस्टने पुन्हा घडवली आणि २०१८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिचे लँडस्केप रचनाकार मोहम्मद शहीर २०१५ मध्येच वारले. त्या बागेच्या एका भागात कोही, डाबर, बांगर आणि खादर यांचे चार छोटे नमुने उभे केले आहेत, प्रत्येकाची आपली माती आणि आपली झाडे. दिल्लीला जाणाऱ्या मराठी माणसाने लाल किल्ल्याआधी हे पाहावे, असे मी सांगेन. तासाभरात अख्ख्या शहराचा उतार पायांखालून जातो.

नमुना बागेत मांडता येतो, पण तो कुठून शिकायचा? खाण पुन्हा जंगल करायची तर मूळचे जंगल कसे होते हे कुठेतरी जिवंत दिसायला हवे. ते गुरुग्राम-फरिदाबादच्या मध्ये मांगर बणीत दिसते. मांगर, बंधवाडी आणि बालियावास या गुर्जर गावांनी गुदडिया दास बाबांच्या नावाने राखलेली ही देवराई. झाड तोडायचे नाही, वाळलेले लाकूडही बाहेर न्यायचे नाही. म्हणून दरीच्या उतारावर धौचे सलग रान टिकले. सरकारी दप्तरात मात्र अशा जमिनीचा शेरा ‘गैर मुमकिन पहाड’, म्हणजे पिकाला न येणारा डोंगर. आपल्या सातबाऱ्यावरच्या पोटखराब्याचीच ही हरियाणवी आवृत्ती. विदर्भातले झुडपी जंगल हे जंगल की पडीक, यावरही असाच वाद वर्षानुवर्षे चालला. गावाची सामाईक जमीन पुढे खासगी नावांवर वाटली गेली, दूरच्या लोकांनी ती विकत घेतली, आणि पंजाब भूसंवर्धन कायदा, १९०० सारख्या जुन्या कायद्याच्या आधाराने तिचा बचाव चालू राहिला. बणीपासून थोड्याच अंतरावर, बंधवाडीच्या हद्दीत, आता दोन शहरांच्या कचऱ्याचा डोंगर आहे.

बणीत शिरले की पहिल्यांदा जाणवतो तो पायांखालचा पालापाचोळा. रिजवरच्या कीकराखाली तो इतका दाट नसतो. धौची बारीक पाने थरावर थर साचलेली, त्याखाली ओलसर काळी माती, आणि तिच्याखाली तोच भेगाळलेला खडक. ही माती तयार व्हायला किती पावसाळे लागले असतील ते त्या तीन गावांतल्या कुणालाही सांगता येणार नाही. वाळकी फांदी इथे पडते तिथेच राहते.